एजंटमार्फत जमीन घेताना: आधी तो कोणाचा माणूस आहे ते विचारा

जमीन घ्यायची ठरली की पहिला फोन एजंटलाच जातो आणि त्यात काही चूक नाही. घर विकायचं असलं की लोक जाहिरात करतात, जमिनीचं तसं नसतं, बऱ्याच जमिनींवर साधा बोर्डसुद्धा लागत नाही, मालक भलतीकडेच राहत असतो, वारस चार ठिकाणी पांगलेले असतात, आणि कोणाला खरंच विकायचंय आणि कोण नुसता भाव काढून बघतोय हे त्या भागात रोज फिरणाऱ्या माणसालाच माहीत असतं. त्यामुळे एजंट नकोच असं मी कधीच सांगणार नाही. मी स्वतः एजंटमार्फतच जमीन घेतली, त्याआधी एक व्यवहार टोकन, म्हणजे सौदा पक्का करायचे आगाऊ पैसे, द्यायच्या बेतात असतानाच मोडला, आणि त्या दोन्हीतून जे कळलं ते इथे लिहितोय. एजंटकडून कुठलं काम करून घ्यायचं आणि कुठलं त्याच्यावर कधीच सोडायचं नाही, हे पहिल्या भेटीतच डोक्यात पक्कं करून जायचं, बाकी सगळं त्यातूनच येतं.

पहिला प्रश्न: कमिशन कोण देणार?

एजंट तीन प्रकारे काम करतो. विकणाऱ्याकडून, घेणाऱ्याकडून, नाहीतर दोघांकडून. सरळ विचारा, "या व्यवहारात तुम्ही कोणाकडून आहात, आणि तुम्हाला पैसे कोण देणार?" लाजायचं काहीच कारण नाही, चांगला एजंट या प्रश्नाला लगेच उत्तर देतो. विकणाऱ्याकडून असेल तर त्याच्याशी गोड बोला, सगळं दाखवायला सांगा, पण तुमचं जास्तीत जास्त बजेट किती, तुम्हाला किती घाई आहे, ही जागा तुम्हाला किती आवडलीय, यातलं एक अक्षर त्याच्यासमोर बोलू नका, कारण मालकाला हे सांगणं हे त्याचं कामच आहे, तो त्यात काही वाईट करत नाही. गाडीत बसल्या बसल्या नवरा-बायको आपापसात "ही घेऊयाच, थोडे जास्त गेले तरी चालतील" असं बोलतात आणि पुढच्या सीटवरचा माणूस ऐकत असतो, हे मी बघितलंय. नंतर भाव उतरत नाही म्हणून तेच नवल करत बसतात.

आणि समजा एजंट तुमच्या बाजूचा आहे, तुम्हीच त्याला कमिशन देणार आहात, तरी एक हिशोब डोक्यात ठेवा. कमिशन २ टक्के धरा. जमिनीची किंमत १०० भाग धरली तर त्याला २ भाग मिळतात. तुम्ही घासाघीस करून किंमत ९० वर आणली तर तुमचे १० भाग वाचले आणि त्याचं कमिशन २ वरून १.८ झालं, म्हणजे त्याचा तोटा ०.२. म्हणजे भाव उतरवण्यात त्याचा फायदा तर नाहीच, पण तोटाही फार नाही, त्याला हवंय काय तर व्यवहार पूर्ण व्हायला. हे कळलं की एजंटचं वागणं नीट कळतं. "दुसरी पार्टी उद्या टोकन घेऊन येतेय", "आज फायनल करा, उद्या हा भाव राहणार नाही" हे सगळं तिथूनच येतं. कधी ते खरंही असतं. पण तुमच्या तपासणीचे दिवस त्या वाक्यावर कमी करायचे नाहीत, एवढं नक्की.

दोघांकडून कमिशन घेणारा एजंट काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी कायद्याने त्याला दोन्ही बाजूंना आधी लेखी कळवावं लागतं, काही ठिकाणी बंदीच आहे. जिथे चालतं तिथे त्याच्याकडून भावाचा सल्ला मागू नका, बास. दोन्हीकडचं मीठ खाणाऱ्याने एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त कसं सांगायचं?

अजून एक प्रकार असतो, तो जास्त त्रासाचा. मालक सांगतो "मला एवढे सुटले पाहिजेत, वरचे तुझे". मग एजंट तुम्हाला सांगतो तो भाव मालकाचा नसतोच. वरचा फरक किती हे मालकालाही माहीत नसतं आणि तुम्हालाही. अशा पद्धतीवर बऱ्याच ठिकाणी कायद्याने बंदी आहे, पण होतं. याच्यावर उपाय एकच, टोकन देण्याआधी मालकाला समोरासमोर भेटायचं आणि किंमत त्याच्या तोंडून ऐकायची, एजंटच्या हजेरीतच. एजंट भेट घालून द्यायला सारखा टाळाटाळ करत असेल तर समजायचं, एक तर मधे फरक आहे, नाहीतर त्याची मालकाशी ओळखच नाही, तो तिसऱ्या एजंटकडून ऐकून तुम्हाला सांगतोय. चार एजंटांची साखळी असेल तर चौघांचं कमिशन शेवटी किमतीतच येऊन बसतं. म्हणून "मालकाशी थेट तुम्ही बोलता का?" हा प्रश्न पहिल्या फोनवरच.

एजंट निवडताना

घरं विकणारा एजंट चांगला असला म्हणून जमिनीत चांगला असतोच असं नाही. घर डोळ्यांनी दिसतं, जमिनीतलं निम्मं कागदावर आणि उरलेलं मातीखाली असतं. त्याला विचारा, गेल्या एक-दोन वर्षांत जमिनीचे किती व्यवहार केले, त्यातला एखादा मोडला का, का मोडला. ज्याचा एकही व्यवहार मोडला नाही असं जो सांगतो त्याच्यापेक्षा "हो, एकदा हद्दीवरून मोडला, मीच पार्टीला थांबवलं" असं सांगणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. मग एखाद्या साइटबद्दल चार प्रश्न टाकून बघा: इथे बांधकामाला परवानगी मिळते का, रस्ता कोणाच्या नावावर आहे, पाणी कुठून येतं, शेजारच्या जमिनी गेल्या वर्षी काय भावाने गेल्या. सगळ्याची उत्तरं आली पाहिजेत असं नाही, पण "बघून सांगतो" म्हणाला आणि दोन दिवसांनी खरंच सांगितलं तर तो माणूस कामाचा. सगळ्याला "काही टेन्शन नाही" म्हणणारा नको. जिथे एजंटला लायसन्स किंवा सरकारी नोंदणी लागते तिथे त्याचा नंबर मागा आणि सरकारी साइटवर स्वतः तपासा.

कमिशनचं लेखी करा. मोठा करार नको, एक पान पुरे. कुठल्या भागातल्या जमिनींसाठी, किती महिन्यांसाठी, किती टक्के, कोण देणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कधी देणार. माझा आग्रह खरेदीखत नोंदवल्यावरच द्यायचा असतो, टोकनला नाही. टोकनवर निम्मं कमिशन घेतलेल्या माणसाची पुढची धावपळ मंदावते, साधी गोष्ट आहे. मुदत पहिल्यांदा ३ महिनेच ठेवा, काम आवडलं तर वाढवता येते. आणि "फक्त आमच्याकडूनच घ्यायचं" असं कलम असेल तर ते सही करण्याआधी वाचा, कारण मुदत संपल्यावरही काही महिने त्याने दाखवलेली जागा घेतली तर कमिशन द्यावं लागेल असं त्यात बऱ्याचदा लिहिलेलं असतं. ते चूकही नाही. एजंटने जागा दाखवायची आणि आपण मागच्या दाराने मालकाला गाठून त्याला बाजूला करायचं, हे करू नका. त्याने उन्हातान्हात हिंडून शोधलेलं असतं, ते त्याचं पोट आहे.

साइटवर

आता तो मोडलेला व्यवहार सांगतो. एजंटने आम्हाला जागा दाखवली तेव्हा कडेला मोठी सावलीची झाडं होती, त्यांच्या बाजूने एक छान कच्चा रस्ता आत येत होता, तो झाडाखाली उभा राहिला आणि हात लांब करून म्हणाला, "या झाडांच्या रांगेपासून तिकडच्या दगडापर्यंत आपली." आम्ही मोबाइल काढून कडेकडेने चालत नकाशा केला, क्षेत्रफळ साधारण जुळलं, आम्ही खुश. मी टोकन द्यायच्याच बेतात होतो पण वडील म्हणाले मोजणी होऊ दे आधी. सर्व्हेअर आला, त्याने जुना नकाशा पसरला, यंत्र लावलं, आणि त्याचा माणूस खुंटी घेऊन चालत चालत झाडांच्या रांगेच्या बराच आत येऊन थांबला आणि तिथे खुंटी ठोकली. झाडं शेजाऱ्याची. आणि रस्ता झाडांच्या पलीकडून येत होता, म्हणजे रस्ताही शेजाऱ्याचा. एजंट खुंटीकडे बघत नुसता उभा होता. तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही, त्याला मालकाने तसंच दाखवलं होतं आणि मालकाला त्याच्या वडिलांनी. वर्षानुवर्ष सगळे त्याच रस्त्याने येत-जात होते त्यामुळे कोणाला प्रश्नच पडला नव्हता.

यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, मोबाइलवर विसंबायचं नाही. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साधारण ५ मीटरपर्यंत चुकू शकतं, झाडाखाली आणि इमारतींजवळ अजून जास्त. १ हेक्टर म्हणजे १०० मीटर बाय १०० मीटरचा चौकोन धरा, त्याची एक बाजू ५ मीटरने सरकली की ५०० चौरस मीटर गेले, म्हणजे ५ टक्के जमीन. एकरात धरलं, म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर, तर टक्का अजून वाढतो. मोजणी लायसन्स असलेल्या सर्व्हेअरकडूनच करायची, त्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहायचं, जमलं तर शेजाऱ्यांनाही बोलवायचं, आणि तो सर्व्हेअर तुम्ही शोधायचा. एजंटने सुचवला तर नाव घ्या पण बाहेर चौकशी करा.

दुसरी गोष्ट रस्ता. डोळ्यांना रस्ता दिसणं आणि कागदावर रस्त्याचा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंटला विचारा, "या रस्त्याचा हक्क कुठल्या कागदात लिहिलाय, रुंदी किती लिहिलीय?" वहिवाट आहे, कोणी अडवत नाही, हे उत्तर पुरेसं नाही, आज अडवत नाही पण शेजाऱ्याने उद्या ती जमीन विकली आणि नव्या मालकाने कुंपण घातलं की तुम्ही कोर्टात. काही ठिकाणच्या कायद्यात रस्ता नसलेल्या जमिनीला शेजारून वाट मागता येते पण त्यात वर्ष जातात. आणि नुसती पायवाट असून भागत नाही, बांधकामाचा ट्रक आणि आगीचा बंब आत येईल एवढी रुंदी लागते.

साइटला एकदा एजंटबरोबर जा आणि एकदा त्याच्याशिवाय. दुसऱ्यांदा गेलात की शेजारच्या माणसाशी निवांत बोला, तो जे सांगेल ते कुठल्याच कागदात नसतं. पाणी कुठपर्यंत चढतं, भांडण कोणाचं चालू आहे, ही जमीन याआधी कितीदा विकायला काढली होती आणि गिऱ्हाईक का परत गेलं. जोराचा पाऊस पडून गेल्यावर एक चक्कर मारा, पाणी कुठे साचतं आणि कुठून वाहतं ते दिसतं. आणि कोरड्या दिवसांतही मारा, कारण हिरव्यागार दिवसांत सगळीच जमीन सुंदर दिसते आणि विहीर भरलेली असते.

पुराचं थोडं सविस्तर सांगतो कारण इथे एजंटकडून अगदी मनापासून चुकीचं ऐकायला मिळतं. "ही १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा आहे हो, आपल्या हयातीत काय येतंय." त्या शब्दांचा अर्थ तसा नाहीये. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, या वर्षी आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा १ टक्का. ३० वर्षांचं कर्ज काढून घर बांधलंत तर त्या ३० वर्षांत निदान एकदा पूर येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. चारात एक! त्या रेषेच्या आत जमीन स्वस्त मिळते ती उगीच नाही, आणि विमा आणि बँक दोघंही ती रेषा बघूनच बोलतात. नकाशा स्वतः मागवून बघा.

बाकी विजेची हाय टेन्शन लाइन, आखलेला पण अजून न झालेला रस्ता, जंगलाची किंवा पाणथळ जागेची हद्द, सांडपाण्यासाठी माती पाणी मुरवते की नाही, हे सगळं नियोजन खात्याच्या नकाशात किंवा साध्या चाचणीत कळतं. एजंटला यादी देऊन कागद आणायला सांगा, पायपीट हे त्याचं काम, वाचणं तुमचं आणि तुमच्या वकिलाचं.

कागद

इथे एजंटचा सल्ला ऐकायचा, पण विश्वास कागदावर आणि स्वतःच्या वकिलावर. वकील एजंटच्या ओळखीचा नको. तो माणूस प्रामाणिक असेलही, पण ज्याच्याकडून वर्षाला दहा कामं येतात त्याचा व्यवहार "घेऊ नका" म्हणून मोडणं कोणालाही जड जातं.

एक फरक सगळ्यांना माहीत असला पाहिजे असं मला वाटतं. १८५८ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने एक पद्धत आणली, तिच्यात सरकारी रजिस्टरमध्ये नाव लागलं की तीच मालकी, आणि त्या नोंदीच्या मागे सरकार उभं राहतं. पुढे ती न्यूझीलंड, सिंगापूर आणि बऱ्याच देशांत गेली. पण भारतात आणि अमेरिकेच्या बहुतेक भागात तसं नाहीये, तिथे नोंद होते ती दस्ताची, म्हणजे "याने त्याला विकलं" एवढं सरकार लिहून घेतं, विकणारा खरा मालक होता का याची हमी त्यात येत नाही. म्हणून एजंट "अहो रजिस्टर्ड आहे, क्लिअर आहे" म्हणतो तेव्हा आधी विचारायचं की इथे नोंदणीचा अर्थ काय. हमी नसलेल्या पद्धतीत मालकीची साखळी मागे मागे जाऊन बघावी लागते, निदान ३० वर्ष, कोणाकडून कोणाकडे आली, मधे कुठे वारस सुटला का, बँकेचा बोजा, म्हणजे जमिनीवर काढलेलं कर्ज, आहे का, कोर्टात काही चालू आहे का.

वारसांचं फार जपा. माझा जो व्यवहार पार पडला तो एजंटमुळे पार पडला हे मी आवर्जून सांगतो. त्याच्याकडची पहिली जागा मला खूप आवडली होती, भाव जमला होता, आणि संध्याकाळी त्याचाच फोन आला, "साहेब, ही घेऊ नका. धाकट्या भावाची सही मिळणार नाहीये, मी आज त्याच्या घरी जाऊन आलो." त्याचं कमिशन बुडालं. सहा महिन्यांनी त्यानेच दुसरी जागा आणली आणि मी ती घेतली, त्याने सांगितलेल्या टक्क्यात घासाघीस न करता. असा माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा.

मालकाऐवजी कोणी कुलमुखत्यारपत्र घेऊन सही करायला आला तर मूळ कागद बघा, विकायचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलाय का बघा, आणि मालक हयात आहे का ते विचारा, व्हिडिओ कॉल करा. देणारा गेला की असं पत्र साधारणपणे तिथेच संपतं, आणि एजंटला कधी कधी हे माहीतच नसतं.

पैसे

टोकन एजंटच्या हातात किंवा खात्यात द्यायचं नाही. मालकाच्या खात्यात, नाहीतर जिथे सोय आहे तिथे वकिलाच्या किंवा एस्क्रो खात्यात (अटी पूर्ण होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे राहतात असं खातं), बँकेतून. आणि पावतीवर नुसतं "मिळाले" नको, अटी पाहिजेत: मोजणीत क्षेत्र कमी निघालं तर, मालकीत दोष निघाला तर, रस्त्याचा हक्क नसेल तर, कर्ज नामंजूर झालं तर टोकन इतक्या दिवसांत परत. तारखा घाला. एजंट म्हणेल "एवढं कोणी लिहीत नाही", तर म्हणा आम्ही लिहितो. माझ्या पहिल्या व्यवहारात टोकन गेलंच नव्हतं म्हणून सुटलो, पण माझ्या ओळखीच्या एकाचं अडकलं आणि पावतीवर अट नव्हती म्हणून त्याला दोन वर्ष मालकाच्या मागे फिरावं लागलं.

भाव ठरवताना जाहिरातीतले आकडे नकोत, नोंदवलेल्या व्यवहारांचे घ्या, एजंटकडून आसपासचे तीन-चार मागा. आणि दर लावायचा तो वापरता येणाऱ्या जमिनीला. उतार, नाल्याची कड, सोडावी लागणारी मोकळी जागा वजा करून जे उरतं त्याने भागून बघा, स्वस्त वाटलेली जागा कधी कधी शेजारच्यापेक्षा महाग निघते. ऑफर एजंटमार्फतच पण लेखी पाठवा, कारणासकट. "मोजणीत इतकं कमी भरलं म्हणून इतके कमी" असं लिहिलं की एजंटलाही मालकासमोर बोलायला आधार मिळतो, नुसतं "कमी करा" घेऊन गेलेला एजंट रिकाम्या हाताने परत येतो.

नोंदणीच्या आदल्या दिवशी साइटला परत जा, खुंट्या जागेवर आहेत का बघा, नवं कुंपण किंवा कोणाची झोपडी आलीय का बघा, आणि बोजाचं रेकॉर्ड त्याच दिवशी पुन्हा काढायला लावा. खरेदीखतावरच्या चारही बाजू आणि क्षेत्र मोजणीच्या नकाशाशी बोट ठेवून जुळवा, टायपिंगच्या चुका इथेच होतात. सह्या झाल्यावर मूळ कागद, जुनी खरेदीखतं, मोजणीचा नकाशा सगळं एजंटकडून यादी करून ताब्यात घ्या, सरकारी रेकॉर्डला तुमचं नाव लावायचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, आणि ते झाल्यावर त्याच्या कमिशनचा चेक त्याच दिवशी द्या, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.